उरलेलं काम

मोठ्या गोदामात स्वयंचलित यंत्रणा बसते तेव्हा तिचं मोजमाप एकाच आकड्यात होतं: तासाला किती नग. विकणारा तो आकडा सांगतो, घेणारा तो करारात लिहून घेतो आणि यंत्रणा सुरू झाल्यावर दोघं घड्याळ लावून तो तपासतात. मी याच धंद्यात मेकॅनिकल डिझाइन इंजिनीअर आहे. कन्व्हेयर, सॉर्टर, च्यूट, लिफ्ट, त्यांचे सांगाडे आणि त्यांचे रोलर हे माझं रोजचं काम. या कामातून माझं एक मत ठाम झालं आहे. तासाला किती नग हा अर्धाच हिशेब आहे. यंत्राने जे काम केलं नाही ते कोणाच्या वाट्याला आलं, ते किती जड आहे आणि ते त्याच्याकडे जावं हे कोणी ठरवलं, हा उरलेला अर्धा. तो कोणत्याही करारात नसतो. तो डिझाइन इंजिनीअरने मांडला पाहिजे, कारण ते काम प्रत्यक्षात तोच ठरवतो, आणि बहुतेक वेळा आपण काही ठरवतो आहोत याची त्याला जाणीवही नसते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हे काम झपाट्याने वाढलं. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर लागू झाला. त्याआधी केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामं ठेवत. कराचं ते कारण संपलं आणि मोजकी, पण अवाढव्य गोदामं बांधणं परवडू लागलं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे भिवंडी आधीच गोदामांचं गाव झाली होती, ती आणखी पसरली. पुण्याकडे चाकण-तळेगावच्या पट्ट्यात कारखान्यांशेजारी मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या. त्याच सुमारास ऑनलाइन खरेदी घराघरांत पोचली. पूर्वी एका व्यापाऱ्याच्या नावे पन्नास गोणी एका ट्रकमधून जात. आता पन्नास घरांच्या नावे पन्नास वेगवेगळी पाकिटं जातात. वजन घटलं, पण हाताळणी कित्येक पटींनी वाढली. प्रत्येक नग उतरवायचा, ओळखायचा, वेगळा काढायचा आणि योग्य गाडीत चढवायचा. ही वाढलेली हाताळणी कोणी करायची, या प्रश्नातून आमचा धंदा उभा राहिला.

आमच्या कामाची सुरुवात मालापासून होते. रोलर कन्व्हेयरचा पहिला नियम सोपा आहे: सर्वांत लहान खोक्याखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर हवेत. खोकं ३०० मिलिमीटर लांब असेल तर रोलरमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अंतर वाढवलं तर रोलर कमी लागतात, पैसे वाचतात आणि खोकं रोलरच्या मधल्या फटीत नाक खुपसून थांबतं. हा नियम मात्र कडक तळाच्या खोक्यासाठी आहे. युरोपातल्या पुष्कळ गोदामांत माल ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये फिरतो. १२०० बाय ८०० च्या युरो पॅलेटवर असे चार क्रेट एका थरात चपखल बसतात. क्रेटपासून ट्रकपर्यंत सगळी मापं एकमेकांशी जुळलेली असल्यामुळे यंत्राला त्यात फारसं नवल वाटावं असं काही येत नाही.

आपल्याकडचा माल तसा नाही. पॉलिबॅगला तळच नसतो, ती रोलरवर लोळते, म्हणून तिला बेल्ट लागतो. खोक्याला सुतळी बांधलेली असते आणि तिचं सुटं टोक रोलरच्या कडेला जाऊन दांड्याभोवती गुंडाळलं जातं. एक-दोन फेऱ्यांनी काही होत नाही. रोज थोडी थोडी सुतळी साचत जाते, बेअरिंगच्या तोंडाशी घट्ट बसते, रोलर जड फिरू लागतो, तापतो, आणि एका दुपारी अडतो. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की पन्हळी खोक्याची दाब सोसण्याची ताकद कोरड्या हवेच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास येते. जूनपर्यंत व्यवस्थित घसरणारं खोकं जुलैत च्यूटमध्ये चिकटतं किंवा मागच्या खोक्याच्या रेट्याने चेपतं. च्यूटचा कोन कमी ठेवावा तर माल अडतो आणि जास्त ठेवावा तर माल आपटतो. एका कोनात कोरडा पुठ्ठा, ओला पुठ्ठा आणि गुळगुळीत प्लास्टिक, तिन्ही बसवायचे असतात. या धंद्यातलं खरं मेकॅनिकल डिझाइन इथे आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

पण हे करताना आम्ही एक रेघही ओढत असतो. प्रत्येक यंत्रणेच्या करारात मालाची कमाल-किमान मापं आणि वजनं लिहिलेली असतात. त्यात न बसणाऱ्या मालाला आम्ही ‘नॉन-कन्व्हेयेबल’ म्हणतो. फार लांब, फार जड, गोल, गळका, सुतळीने बांधलेला, फाटका असा सगळा माल त्या रेघेपलीकडे जातो. ड्रॉइंगवर त्याच्यासाठी कोपऱ्यात एक मोकळा चौकोन असतो आणि त्यावर ‘मॅन्युअल’ लिहिलेलं असतं. आमच्या दृष्टीने तिथे डिझाइन संपतं. त्या चौकोनात जो माणूस उभा राहतो त्याच्या दृष्टीने पाहिलं, तर सोपी, चौकोनी, हलकी खोकी यंत्राने नेली आणि अडचणीची, वजनदार, हाताला न येणारी सगळी त्याच्याकडे आली. पूर्वी दहा नगांतले दोन अवघड असायचे आणि आठ सोप्या नगांच्या दरम्यान पाठीला विसावा मिळायचा. आता दहाच्या दहा अवघड.

लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. त्यांचा विषय रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणचे नियंत्रण कक्ष हा होता. त्यांनी दाखवून दिलं की रचनाकार माणसाला चुकणारा समजून त्याच्याकडून काम काढून घेतो, पण जे स्वयंचलित कसं करावं हे त्याला सुचत नाही ते मात्र त्याच माणसाकडे ठेवतो. परिणामी माणसाच्या हाती एकमेकांशी संबंध नसलेली, निवड करून न ठेवलेली, उरलीसुरली कामं राहतात. चाळीस वर्षांनंतर गोदामांमध्ये तंतोतंत हेच घडतं आहे. फरक एवढाच की नियंत्रण कक्षात ताण बुद्धीवर येत होता. इथे तो खांद्यावर, कमरेवर आणि मनगटावर येतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. तासाला ६,००० पाकिटं वेगळी करणारा सॉर्टर आहे. पाकीट सॉर्टरवर ठेवण्याच्या जागेला आम्ही इंडक्शन म्हणतो. लेआउटमध्ये जागा चारच इंडक्शनपुरती आहे, म्हणून चार बसवली. प्रत्येक माणसाच्या वाट्याला तासाला १,५०० पाकिटं आली, म्हणजे दर २.४ सेकंदाला एक. ढिगातून पाकीट काढायचं, लेबल वर येईल असं वळवायचं आणि बेल्टवर ठेवायचं. पाकिटाचं सरासरी वजन दोन किलो धरलं तरी तासाला तीन टन होतात. आठ तासांच्या पाळीत सुट्टी वगळून सात तास काम झालं तर एका माणसाच्या हातून २१ टन माल जातो. यातलं एकही पाकीट जड नाही. कोणी तक्रार केली तर पाकीट वजनकाट्यावर ठेवून दोन किलो दाखवता येतात.

आपले नियम एका वेळच्या वजनाकडे पाहतात. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ३४ हेच सांगत होतं, की इजा होईल एवढं ओझं कोणाला उचलायला लावू नये. पाळीभरात मिळून किती उचललं, हे त्यातून दिसत नाही. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुधारून दिलेलं उचलीचं सूत्र आमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत असतं. ते २३ किलोपासून सुरू होतं: वस्तू शरीराच्या जवळ, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, चांगली पकड मिळणारी आणि उचल क्वचित असेल तर एवढं वजन बहुतेकांना झेपतं. मग प्रत्येक अडचणीमागे हा आकडा घटत जातो. वस्तू शरीरापासून लांब असेल तर घटतो, कंबर वळवावी लागली तर घटतो, वारंवार उचलावं लागलं तर घटतो. मिनिटाला १५ पेक्षा जास्त वेळा उचलायचं असेल तर सूत्राचं उत्तर शून्य येतं, मग ते काम तासाभराचं का असेना. पाळीभराच्या कामात शून्य त्याहून खूप आधी येतं. आपल्या इंडक्शनवरचा माणूस मिनिटाला २५ वेळा उचलतो आहे. म्हणजे सूत्राप्रमाणे त्याने रिकामं पाकीटसुद्धा अशा रीतीने उचलू नये.

हे कोणी ठरवलं? कंत्राटदाराने माणूस नेमला, व्यवस्थापकाने पाळी लावली, पण २.४ सेकंद हा आकडा त्या दोघांच्या आधी, लेआउटमध्ये चार चौकोन काढले तेव्हाच ठरला. आणि त्यावरचा उपायही त्याच ड्रॉइंगमध्ये आहे. ढीग आणणारा बेल्ट इंडक्शनच्या बेल्टच्या उंचीला आणून त्याला चिकटून ठेवला, तर पाकीट उचलावं लागत नाही, हाताने सरकवता येतं. वरच्याच बाजूने वाचणाऱ्या स्कॅनरऐवजी पाच-सहा बाजूंनी वाचणारा स्कॅनर घेतला, तर प्रत्येक पाकीट वळवण्याची मनगटाची हालचाल जाते. चारऐवजी सहा जागा काढल्या तर माणसाला २.४ ऐवजी ३.६ सेकंद मिळतात. यातल्या काही गोष्टींना पैसे लागतात, काहींना फक्त रचनेच्या टप्प्यावर केलेला विचार लागतो.

माणसाचं काम सोपं करणं आणि यंत्राचं काम सोपं करणं या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध आहेत असं समजण्याचं कारण नाही. याचं उत्तम उदाहरण एका मराठी माणसाचं आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते आणि न लागणारी अक्षरं यांमुळे पत्र वेगळं काढणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक पत्त्यावर अडावं लागे. सहा अंकांनी तो प्रश्न सुटला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. मुंबईत बसलेल्या माणसाला आसाममधलं गाव माहीत असण्याची गरज उरली नाही. पहिला अंक पाहिला की पिशवी ठरली. त्या वेळी हे काम हातानेच होत होतं. पुढे यंत्रं आली तेव्हा त्यांना वाचायला सहा अंक आयतेच मिळाले. आजही गोदामातला सॉर्टर पाकीट कोणत्या च्यूटमध्ये टाकायचं हे बहुधा पिन कोडवरूनच ठरवतो. वेलणकरांनी वर्गीकरण करणाऱ्या माणसाची अडचण नेमकी ओळखली आणि काम असं मांडलं की माणसालाही सोपं झालं, यंत्रालाही. एकही मोटर न लावता केलेलं ते ऑटोमेशनचं उत्तम डिझाइन होतं.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाची सामान-यंत्रणा आहे. सगळ्या विमान कंपन्यांचं सगळं सामान संगणकाने चालणाऱ्या हजारो छोट्या गाड्यांनी रुळांवरून न्यायचं, असा तो बेत होता. विमानतळ ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरू व्हायचा होता. एप्रिल १९९४ मध्ये पत्रकारांसमोर यंत्रणा चालवून दाखवली तेव्हा बॅगा फेकल्या गेल्या, फाटल्या, कपडे रुळांवर पसरले. विमानतळ १६ महिने उशिरा, २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडला, तोही हाताने चालवायच्या पर्यायी व्यवस्थेचा आधार घेऊन. स्वयंचलित यंत्रणा मर्यादित भागात दहा वर्षं रडतखडत चालली आणि २००५ मध्ये बंद करण्यात आली.

डेन्व्हरबद्दल बोलताना संगणक-प्रणालीला दोष द्यायची पद्धत आहे. मला त्यात मेकॅनिकल डिझाइनचा धडा दिसतो. एकापुढे एक लावलेल्या दहा यंत्रांपैकी प्रत्येक ९९ टक्के वेळ चालू असेल आणि मध्ये माल थांबायला जागा नसेल, तर सगळी ओळ चालू असण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम साडेनव्वद टक्के उरते. चोवीस तासांत सव्वादोन तास ओळ बंद. प्रत्येक यंत्राचा पुरवठादार आपलं यंत्र ९९ टक्के चालतं असं सांगतो आणि ते खरंही असतं. तरीही सव्वादोन तास बंद पडलेल्या ओळीपाशी साचलेला माल शेवटी माणसंच हाताने ओढतात, आणि या वेळी तो सावकाश नव्हे, गाडी सुटायच्या आत ओढायचा असतो. माणसाला पूर्ण वगळणारी यंत्रणा माणसाला सर्वांत वाईट क्षणी बोलावते.

यंत्राचा वेग माणसाच्या अंगावर कसा येतो याचं दुसरं उदाहरण अलीकडचं आहे. कीवा नावाच्या कंपनीने २००३ पासून एक कल्पना विकसित केली: माणसाने फडताळाकडे चालत जाण्याऐवजी चपटा रोबोट फडताळच उचलून माणसाकडे आणेल. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरना विकत घेतली. यंत्र म्हणून ती रचना फार सुंदर आहे. दिवसाची मैलोगणती पायपीट तिने खरोखर संपवली. पण पायपीट संपली म्हणजे वस्तू काढण्याचा वेग वाढला, आणि माणूस एकाच जागी उभा राहून तीच हालचाल करू लागला. ‘रिव्हील’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने २०२० मध्ये कंपनीच्याच अंतर्गत नोंदींच्या आधारे असं मांडलं की रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबोट नसलेल्या गोदामांपेक्षा पन्नास टक्क्यांहूनही जास्त आहे. कंपनीने तो निष्कर्ष अमान्य केला. त्या वादात न पडताही डिझाइनरला यातून एक प्रश्न घेता येतो: आपण चालणं काढून टाकलं, तेव्हा त्या चालण्यात मिळणारी विश्रांतीही काढली, हे कोणाच्या लक्षात आलं होतं का?

आता यावरचे आक्षेप. पहिला नेहमीचा: मग यंत्रं आणताच कशाला, हमालांची कामं जातात. हा प्रश्न महाराष्ट्रात हलक्याने घेता येत नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये राज्याने माथाडी, हमाल आणि इतर अंगमेहनती कामगारांसाठी कायदा केला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा कामगाराची मंडळाकडे नोंद, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी, ही त्या कायद्यातली मोठी गोष्ट होती. ओझं वाहणारा माणूस हिशेबाच्या वहीत दिसलाच पाहिजे, हे या राज्याने अर्ध्या शतकापूर्वी मान्य केलं. मला पाठीवरची गोणी जायला हवी आहे. माणसाच्या मणक्याने ते काम करू नये याबद्दल माझ्या मनात शंका नाही. यंत्रामुळे काही रोजगार जातात हेही खरं आहे आणि त्याचं उत्तर इंजिनीअरकडे नाही, ते समाजाला आणि सरकारला द्यावं लागेल. पण जे काम उरतं त्याचं उत्तर इंजिनीअरकडेच आहे.

आणि सगळ्यांत जड काम अजून तसंच उरलेलं आहे. गोदामाच्या आत लखलखीत सॉर्टर फिरत असतो आणि डॉकवर उभ्या ट्रकच्या पोटात दोन माणसं घामाघूम होऊन खोकी उतरवत असतात. आपल्याकडे पुष्कळ माल पॅलेटशिवाय, छतापर्यंत सुटा रचून येतो. लांब होत ट्रकमध्ये शिरणारा टेलिस्कोपिक कन्व्हेयर चालणं वाचवतो, पण छताजवळचं खोकं खाली आणि जमिनीवरचं खोकं वर आणायचं काम हाताचंच राहतं. डॉकची उंची मोठ्या ट्रकच्या हिशेबाने, साधारण सव्वा मीटर धरतात. त्याच डॉकला छोटा हत्ती लागला की त्याचा हौदा बराच खाली राहतो. मधलं अंतर माणूस वाकून भरून काढतो. डॉकवर किती छोट्या गाड्या येणार हे क्लायंटला विचारलं तर तो सांगतो. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. सॉर्टरच्या वेगावर महिनोन्महिने चर्चा होते, डॉकच्या उंचीवर एक बैठकही होत नाही.

दुसरा आक्षेप असा: थोडी कळ काढा, हे सगळं रोबोटचा हात करेल. करेलही. कडक खोकी तो आजही उत्तम उचलतो. पण सुरकुतलेली पॉलिबॅग, हवा धरून न ठेवणारी गोणी, सुतळी बांधलेला गठ्ठा यांवर त्याची पकड सुटते आणि सुटलेला प्रत्येक नग पुन्हा माणसाकडे येतो. रोबोट जितका सुधारेल तितकी उरलेल्या कामाची जागा बदलेल. उरलेलं काम संपणार नाही. म्हणून ते दर वेळी नव्याने मोजावं लागेल.

तिसरा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: पैसे क्लायंटचे, निर्णय मॅनेजरचे, आमच्या हातात आहेच काय? माझं उत्तर ड्रॉइंगवरच आहे. हातात पुष्कळ काही आहे. आमची मानकंसुद्धा देहाच्या मापांनी भरलेली आहेत. हलणाऱ्या भागांमध्ये चेंगरून इजा होऊ नये म्हणून किमान फट किती ठेवावी हे आयएसओ १३८५४ सांगतं: बोटासाठी २५ मिलिमीटर, हातासाठी १००, डोक्यासाठी ३००, पूर्ण शरीरासाठी ५००. ही मापं आम्ही न चुकता पाळतो. मात्र कोपर किती उंचीवर येतं, हात किती लांब पोचतो याची मापं परदेशी कॅटलॉगातून तशीच उचलतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक १९९७ मध्येच प्रसिद्ध केलं. ते फर्निचर रचणाऱ्यांना माहीत असतं. कन्व्हेयर रचणाऱ्यांच्या टेबलावर ते क्वचित दिसतं. इंडक्शनवर आज पुष्कळ ठिकाणी बाया काम करतात. परदेशातल्या उंच पुरुषाच्या कोपराला जुळणारी बेल्टची उंची त्यांना पाळीभर खांदे वर उचलून काम करायला लावते. थ्री-डी मॉडेलमध्ये ही उंची म्हणजे एक आकडा असतो, तो बदलायला मिनिटही लागत नाही. साइटवर तीच उंची बदलायची तर प्रत्येक पाय कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. ओढणी आणि पदर हेही आमच्या रचनेतले घटक आहेत. बेल्ट पुलीवर चढतो ती फट खालून उघडी ठेवायची की पत्र्याने झाकायची, हे ठरवताना समोर पँट-शर्टातला माणूस धरला तर झाकण टाळता येतं. पदर धरला तर टाळता येत नाही.

देखभाल करणाऱ्याचंही तसंच. बेअरिंगचं आयुष्य आम्ही ‘एल-टेन’ने मोजतो, म्हणजे दहा टक्के बेअरिंगं निकामी होईपर्यंतचे तास. ५,००० रोलरच्या यंत्रणेत १०,००० बेअरिंगं असतात. आयुष्य २०,००० तास धरलं आणि यंत्रणा दिवसाला १६ तास चालली, तर १,२५० दिवसांत १,००० बेअरिंगं जाणार. सरासरीने जवळजवळ रोज एक. हे गणित योग्य निवड केल्यावरचं आहे, धूळ आणि सुतळी अजून धरलेली नाही. म्हणजे रोलर बदलणं हे त्या यंत्रणेतलं रोजचं काम आहे. तरीही कितीतरी ठिकाणी बाजूची पट्टी रोलरवर आडवी येईल अशी बसवलेली असते, आणि मोटर लेआउट नीटनेटका दिसावा म्हणून भिंतीच्या बाजूला जाते. मग रात्रपाळीचा फिटर कन्व्हेयरखाली उताणा सरकतो आणि हात वाकडा करून बोल्ट शोधतो. ती मोटर पलीकडे घ्यायला डिझाइनच्या टप्प्यावर एक पैसा लागला नसता.

मग असं का होतं? कारण आमच्या शिक्षणात आणि नोकरीत डिझाइनर त्या जागेपासून दूर ठेवला जातो. इंजिनीअरिंगला चार वर्षं आम्ही शाफ्ट, गिअर आणि वेल्डच्या जोडाचे ताण काढायला शिकतो. माणसाच्या कमरेवरचा ताण काढायला कोणी शिकवत नाही. पुण्यात शेकडो तरुण इंजिनीअर परदेशातल्या गोदामांसाठी कन्व्हेयरचे भाग काढतात. त्यांची गणितं पक्की असतात, मॉडेल स्वच्छ असतात, पण आपला ब्रॅकेट ज्या ओळीत बसणार ती ओळ त्यांतल्या बहुतेकांनी कधी चालू पाहिलेली नसते. साइटवर जाणं ही कमिशनिंगवाल्यांची गोष्ट मानली जाते. या व्यवस्थेत हुशार माणूससुद्धा ‘मॅन्युअल’ लिहिलेला चौकोन काढून पुढे जातो, कारण त्या चौकोनात काय चालतं हे त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलेलंच नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लेआउट मंजुरीला जातो तेव्हा त्याच पानावर थ्रूपुटच्या, म्हणजे तासाला किती नग याच्या, तक्त्याशेजारी दुसरा तक्ता असावा. यंत्रणेत जिथे जिथे माणूस उभा राहणार त्या प्रत्येक जागेसाठी त्यात लिहावं: तासाला किती उचली, पाळीला एकूण किती किलो, हात किती उंच आणि किती लांब जातो, कंबर किती वळते, ओळ बंद पडली तर त्या जागेवर किती माल साचतो, आणि खराब झालेला भाग बदलायला फिटर कुठे उभा राहतो. नॉन-कन्व्हेयेबलच्या चौकोनालाही त्यात ओळ असावी. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा कायदा लागत नाही. सगळे आकडे डिझाइनरकडे आधीच असतात; फक्त ते एका जागी आणून त्याखाली सही करायची असते. आणि नव्या डिझाइनरने पहिलं ड्रॉइंग सोडण्याआधी इंडक्शनवर एक पूर्ण पाळी उभं राहून काम करावं.

हा तक्ता समोर आला की बैठकीतली चर्चा बदलते. ‘२१ टन’ हा आकडा लिहिलेला पाहिल्यावर क्लायंटही चौथ्या इंडक्शनशेजारी पाचवं आणि सहावं कुठे बसेल हे विचारू लागतो, कारण थकलेला माणूस चुकीच्या बेल्टवर पाकीट ठेवतो आणि महिन्याभरात काम सोडून जातो, हे त्यालाही परवडत नाही. काही वेळा तो आकडा पाहूनही नाही म्हणेल. पण मग ते नाही त्याने उघड म्हटलेलं असेल आणि त्याची नोंद राहील. आज तो निर्णय कोणीच घेत नाही आणि तरीही तो रोज अमलात येतो. डिझाइन या कामाचा अर्थच मुळी निवड करणं असा असेल, तर माणसाच्या वाट्याचं काम हीदेखील आमची निवड आहे, आणि तिच्याखाली आमची सही असली पाहिजे.